लॉजिक सिम्युलेटरवरील प्रोसेसर-रचना

लॉजिक सिम्युलेटरवरील प्रोसेसर-रचना म्हणजे प्रत्यक्ष चिप आणि तारा हाती घेण्यापूर्वी (किंवा त्या कधीच न घेता) संगणकाचा प्रोसेसर पडद्यावर आकृतीच्या रूपाने जुळवणे आणि त्या आकृतीकडून आज्ञा पाळून घेणे. लॉजिक सिम्युलेटर ही एक आज्ञावली असते. तिच्यात गेट, फ्लिप-फ्लॉप, स्मृती इत्यादी घटक मांडून ते रेषांनी जोडले की कोणत्या रेषेवर ० आहे आणि कोणत्या रेषेवर १, हे ती क्षणोक्षणी काढून दाखवते. संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि छंद म्हणून स्वतःचा प्रोसेसर घडवणारे हौशी कारागीर या दोघांतही ही पद्धत रूढ आहे. असा घरगुती प्रोसेसर वेगाच्या बाबतीत बाजारातील चिपच्या आसपासही फिरकत नाही. मात्र तो का चालतो हे बनवणाऱ्याला शेवटच्या तारेपर्यंत ठाऊक असते.

पार्श्वभूमी

जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये तर्काचे बीजगणित मांडले. क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या आपल्या प्रबंधात तेच बीजगणित विद्युत-स्विचांच्या जोडणीला लागू पडते हे दाखवले. आजचा प्रत्येक प्रोसेसर या दोन पायऱ्यांवर उभा आहे. इंटेलच्या १९७१ मधील ४००४ या प्रोसेसरात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. एवढी रचना चिकाटीच्या माणसाला कागदावर तपासणे शक्य होते. पुढे ही संख्या लाखांत गेली आणि आकृत्यांची जागा शब्दांत लिहिलेल्या वर्णनाने घेतली. त्यासाठीची व्हेरिलॉग ही भाषा १९८४ च्या सुमारास फिल मूर्बी आणि प्रभू गोयल यांच्या प्रयत्नांतून तयार झाली.

हौशी रचनाकाराला मात्र आकृतीच अधिक जवळची वाटते. कार्ल बर्च यांनी अध्यापनासाठी तयार केलेली ‘लॉजिसिम’ ही मुक्त आज्ञावली त्यामुळेच लोकप्रिय झाली. तिचा मूळ विकास थांबल्यावर ‘लॉजिसिम-इव्होल्यूशन’ ही शाखा इतरांनी पुढे नेली. हेल्मुट नीमन यांची ‘डिजिटल’ ही आज्ञावलीही याच परंपरेतील आहे. नोआम निसान आणि शिमॉन शोकेन यांच्या ‘नँड टू टेट्रिस’ या अभ्यासक्रमात विद्यार्थी केवळ नँड गेटपासून आरंभ करून सिम्युलेटरवर १६-बिटचा ‘हॅक’ नावाचा संगणक उभा करतो.

एक उदाहरण : सॅप-१

अल्बर्ट माल्विनो यांच्या ‘डिजिटल कॉम्प्युटर इलेक्ट्रॉनिक्स’ या पाठ्यपुस्तकातील सॅप-१ हा संगणक नवशिक्यांना आरंभासाठी सुचवला जातो. बेन ईटर यांनी ब्रेडबोर्डवर बांधून दाखवलेला प्रसिद्ध ८-बिट संगणक याच रचनेवर आधारलेला आहे. सॅप-१ ची स्मृती अवघ्या १६ बाइटची आणि आज्ञा पाचच : स्मृतीतून संख्या आणणे, बेरीज, वजाबाकी, उत्तर दाखवणे आणि थांबणे. एका बाइटच्या आठ बिटांपैकी डावीकडची चार आज्ञा सांगतात आणि उजवीकडची चार स्मृतीतील घर. उदाहरणार्थ, ०००१ ११११ म्हणजे ‘१५ व्या घरातील संख्या मिळव’. घरांची मोजणी शून्यापासून होत असल्याने हे शेवटचे घर होय.

रचना नेहमी लहान भागापासून मोठ्याकडे जाते. दोन एक्सॉर, दोन अँड आणि एक ऑर अशा पाच गेटांचा एक पूर्ण बेरीजक होतो. तो दोन बिटे आणि मागून आलेला हातचा यांची बेरीज करून पुढचा हातचा देतो. प्राथमिक शाळेत पाटीवर शिकलेला हातचा तो हाच. फरक इतकाच की येथे तो दहाला न होता दोनला होतो. असे आठ बेरीजक ओळीने जोडले की आठ बिटांची बेरीज होते. वजाबाकीसाठी वेगळे यंत्र लागत नाही. दुसऱ्या संख्येची सर्व बिटे एक्सॉर गेटांतून उलटवायची आणि पहिल्या बेरीजकाला हातचा म्हणून १ द्यायचा. ९ मधून ५ वजा करताना ००००१००१ मध्ये ११११११०१० नव्हे तर आठच बिटांचे १११११०१० आणि वरचा १ मिळवला जातो. नववे बिट सोडून दिले की ०००००१००, म्हणजे ४, उरतात. बिटे मोजण्यातली ही चूक हाताने सहज होते, सिम्युलेटरमध्ये मात्र रेषेची रुंदी जुळली नाही की ती लगेच उघडी पडते.

खरी कसोटी नियंत्रणाची असते. सर्व घटक ‘बस’ नावाच्या सामाईक मार्गाला जोडलेले असतात आणि एका वेळी एकानेच त्यावर बोलायचे असते. सॅप-१ मध्ये प्रत्येक आज्ञेला क्लॉकचे सहा टप्पे लागतात. बेरजेच्या आज्ञेत पहिल्या टप्प्यात गणक आपला क्रमांक स्मृतीच्या पत्ता-रजिस्टरला देतो, दुसऱ्यात तो एकाने वाढतो आणि तिसऱ्यात आज्ञा स्मृतीतून आज्ञा-रजिस्टरमध्ये येते. चौथ्यात त्या आज्ञेतील पत्ता पुन्हा पत्ता-रजिस्टरकडे जातो, पाचव्यात संख्या ‘बी’ रजिस्टरमध्ये उतरते आणि सहाव्यात बेरीज संचायकात साठते. सिम्युलेटरमध्ये क्लॉकचा एकेक ठोका हाताने देता येत असल्याने हा प्रवास डोळ्यांसमोर घडतो. दोन घटक एकाच वेळी बसवर परस्परविरोधी मूल्ये ठेवू लागले तर लॉजिसिममध्ये ती रेषा लाल होते. प्रत्यक्ष मंडलात हीच चूक झाली तर रंग बदलत नाही; चिप तापतात.

सिम्युलेटर काय सांगत नाही

पडद्यावर निर्दोष चाललेली रचना ब्रेडबोर्डवर बंद पडते, हा अनुभव या छंदात जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. त्यामागे बहुधा पुढील कारणे असतात.

पहिले कारण म्हणजे न जोडलेली तार. लॉजिसिममध्ये अशी रेषा निळी दिसते, पण मूळ मांडणीनुसार गेट अशा आदानाकडे दुर्लक्ष करून उरलेल्या आदानांवरून उत्तर देते. त्यामुळे राहून गेलेली जोडणी लक्षातच येत नाही. प्रत्यक्षात टीटीएल प्रकारची चिप मोकळे आदान सहसा १ समजते. सीमॉस चिपचा तर काहीच भरवसा नसतो, जवळ हात नेला तरी तिचे उत्तर बदलू शकते.

दुसरे कारण आरंभस्थिती. लॉजिसिममध्ये रजिस्टर शून्यापासून सुरू होतात. खऱ्या चिपमध्ये वीज आल्याक्षणी काय असेल ते सांगता येत नाही, म्हणून सर्व काही शून्यावर आणणारी रीसेटची तार आवश्यक ठरते. या बाबतीत व्हेरिलॉग अधिक प्रामाणिक आहे : तिच्यात ० आणि १ यांशिवाय ‘अज्ञात’ आणि ‘मोकळे’ अशी आणखी दोन मूल्ये असतात, आणि रजिस्टरांचा आरंभ अज्ञातापासून होतो.

तिसरे आणि सर्वांत फसवे कारण म्हणजे वेळ. ७४एलएस मालिकेतील साध्या गेटला उत्तर द्यायला साधारण १० नॅनोसेकंद लागतात आणि हातचा एका बेरीजकातून दुसऱ्यात सरकताना हा विलंब साचत जातो. लॉजिसिममधील विलंब केवळ नाममात्र असतो, खऱ्या चिपच्या मोजमापांशी त्याचा संबंध नसतो. नियंत्रणाच्या तारा बदलत असताना क्षणभर चुकीचे मूल्यही उमटते आणि त्याच क्षणी एखाद्या रजिस्टरने ते उचलले तर उत्तर बिघडते. सॅप-१ मध्ये यावर साधा उपाय आहे : टप्पा क्लॉकच्या उतरत्या कडेला बदलतो आणि रजिस्टर चढत्या कडेला मूल्य घेतात, त्यामुळे तारांना स्थिरावायला मधला अवधी मिळतो. ज्याने केवळ पडद्यावर काम केले आहे त्याला ही तरतूद अनावश्यक वाटते आणि तो ती गाळतो.

विजेच्या पुरवठ्यातील चढउतार तर सिम्युलेटरच्या कक्षेतच येत नाहीत. प्रत्येक चिपजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बसवण्याचा प्रघात त्यासाठीच आहे. लॉजिसिमच्या आकृतीत त्याला जागा नाही.

आकृतीपासून वस्तूपर्यंत

ज्यांना तारांचा पसारा नको असतो ते एफपीजीए ही पुन्हा पुन्हा जुळवता येणारी चिप वापरतात. लॉजिसिम-इव्होल्यूशन आणि डिजिटल या दोन्हींतून आकृतीचे रूपांतर अशा चिपला समजेल अशा वर्णनात करता येते. दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधील जेम्स न्यूमन यांचा ‘मेगाप्रोसेसर’ आहे. २०१६ मध्ये पूर्ण झालेला हा १६-बिट प्रोसेसर सुमारे ४०,००० सुट्या ट्रान्झिस्टरांचा असून त्याची लांबी सुमारे १० मीटर आहे. त्यावरील हजारो दिवे प्रत्येक तारेची स्थिती दाखवतात, म्हणजे सिम्युलेटरच्या रंगीत रेषा तेथे भिंतीएवढ्या झाल्या आहेत. हा प्रोसेसर पुढे केंब्रिजच्या ‘सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्ट्री’ या संग्रहालयात ठेवण्यात आला.