पट्टी काढताना हूक का तुटतो?

डॅशबोर्डवरची चंदेरी पट्टी, एसी व्हेंटभोवतीची चौकट, गिअरशेजारचा काळा चकचकीत तुकडा. गाडी चालण्याशी या वस्तूंचा काही संबंध नाही. पण त्यांवर ओरखडे पडले, क्रोम सोलवटले किंवा कोपरा उचकटला की रोज नजरेला खुपते. नवी पट्टी दुकानात मिळते, ऑनलाइनही मागवता येते. अडचण येते ती जुनी काढताना. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून जोर लावला की ‘कट्’ असा आवाज होतो आणि मागचा हूक तुटून आत पडतो. प्लास्टिक कसे वाकते हे समजून घेतले, तर हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येते.

अशा पट्ट्यांना सहसा स्क्रू नसतात. त्या धरून ठेवतात मागचे छोटे हूक. पट्टीतूनच बाहेर आलेली एक अरुंद जीभ आणि तिच्या टोकाला दातासारखा उंचवटा, एवढीच हुकाची रचना. पट्टी दाबली की जीभ किंचित वाकते, दात खाचेपलीकडे जातो आणि जीभ पुन्हा सरळ होते. हे सरळ होणे फार महत्त्वाचे. प्लास्टिक सतत वाकलेल्या अवस्थेत राहिले तर हळूहळू त्याच आकाराला सरावते आणि पकड ढिली पडते. म्हणून चांगला हूक बसल्यानंतर ताणाखाली राहणार नाही, असाच घडवलेला असतो.

हा हूक किती वाकू शकतो? समजा, त्याची लांबी १० मिलिमीटर आणि जाडी २ मिलिमीटर आहे. बुंध्याशी प्लास्टिक २ टक्क्यांपर्यंत ताणले गेले तर चालेल, असे धरू. मग हिशेबाने त्याचे टोक सुमारे ०.६७ मिलिमीटर सरकू शकते, एक मिलिमीटरही नाही. स्क्रूड्रायव्हरचे पाते त्याला याच्या कितीतरी पट सरकवते. तेवढ्याच ताणात हूक दुप्पट लांब असेल तर चौपट वाकतो; दुप्पट जाड असेल तर निम्माच. त्यामुळे जाडजूड, आखूड हूक दिसायला दणकट असला तरी काढताना तोच आधी तुटतो. तडा जातो तो बुंध्याशी, कारण सगळा ताण तिथे एकवटतो.

पुढचा प्रश्न, प्लास्टिक कोणते? याचे उत्तर बऱ्याचदा पट्टीच्या पाठीवरच लिहिलेले असते. दोन कोनी खुणांच्या मध्ये रोमन अक्षरांत बारीक ठसा असतो. ‘एबीएस’, ‘पीसी+एबीएस’, ‘पीपी-टी२०’ अशी ही सांकेतिक नावे आहेत. पुनर्वापरासाठी प्लास्टिक वेगळे करता यावे म्हणून आयएसओ ११४६९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती छापतात. ‘पीपी-टी२०’ म्हणजे २० टक्के टाल्क, अर्थात शंखजिऱ्याची पूड, मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन. दुरुस्ती करणाऱ्यालाही या ठशाचा मोठा उपयोग होतो.

पॉलिप्रॉपिलीन शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास कडक आणि ठिसूळ होऊ लागते. एबीएसमध्ये रबराचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात, ते धक्का सोसतात. पण वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि उष्णतेने हेच रबर आधी खराब होते. म्हणून दहा वर्षांच्या गाडीतला हूक नव्या हुकाइतका वाकेल ही अपेक्षा धरू नये. पहाटेच्या गारठ्यात पट्टी काढायला घेऊ नये, आणि भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीतही नको, कारण तेव्हा डॅशबोर्ड ७० अंशांच्या घरात जाऊ शकतो आणि मऊ पडलेली पट्टी ओढताना वेडीवाकडी होते. हेअर ड्रायर थोडा लांब धरून पट्टी हाताला कोमट लागेल इतपतच गरम करावी. धातूच्या हत्याराऐवजी प्लास्टिकची चपटी पाती वापरावी आणि हूक जिथे आहे त्याच्या अगदी जवळ लावावी. लांबून उचकटले तर पट्टी वाकते, हूक मात्र जागचा हलत नाही. नव्या पट्टीची पाठ आधी नीट पाहून घेतली, तर हूक नेमके कुठे आहेत हे कळते.

काही पट्ट्या हुकांऐवजी दुहेरी चिकटपट्टीवर बसतात. इथे भौतिकशास्त्र वेगळे आहे. चिकटद्रव्य पृष्ठभागावर पसरले तरच चिकटते आणि ते पसरते पृष्ठभागाच्या ऊर्जेमुळे. एबीएसची पृष्ठऊर्जा पुरेशी असते, पॉलिप्रॉपिलीनची बरीच कमी. त्यामुळे एबीएसवर घट्ट बसणारी टेप पॉलिप्रॉपिलीनवरून काही दिवसांत सुटते. तिथे आधी प्रायमर लावावा लागतो. जागा पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण चांगले. पेट्रोल, थिनर किंवा अ‍ॅसिटोन चुकूनही वापरू नये. अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस विरघळते आणि पेट्रोलमुळे ताणाखालच्या प्लास्टिकला बारीक तडे जातात. अ‍ॅक्रिलिक फोम टेपची पकड पूर्ण व्हायला साधारण ७२ तास लागतात, म्हणून पट्टी दाबून बसवल्यावर दोन-तीन दिवस तिला हात लावू नये. फेविक्विकसारख्या गोंदाची वाफ आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढुरका थर सोडते आणि त्याचा सांधा ठिसूळ असतो, म्हणून तोही टाळावा.

नवी पट्टी बसवल्यावर कधी कधी खड्ड्यातून जाताना कुरकुर ऐकू येते. दोन पृष्ठभाग क्षणभर एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. हेच सेकंदाला शेकडो वेळा झाले की आवाज येतो. आत फेल्टची पातळ टेप लावली की तो थांबतो. पट्टी ठोकून घट्ट बसवणे हा उपाय नव्हे. एक मीटर लांबीची एबीएसची पट्टी तापमान ५० अंशांनी वाढले की सुमारे ४ मिलिमीटर लांबते, पोलाद जेमतेम ०.६ मिलिमीटर. म्हणूनच लांब पट्टीच्या काही खाचा मुद्दाम लांबट ठेवलेल्या असतात. ती ढिलाई गोंदाने भरून काढली, तर उन्हाळ्यात पट्टी मधूनच फुगून वर येते.

सोलवटलेले क्रोम घरी पूर्ववत करता येत नाही, त्याचे कारण त्याच्या घडणीत आहे. एबीएस आम्लात बुडवले की त्यातले रबराचे कण निघून जातात आणि पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खळगे उरतात. त्या खळग्यांत निकेल आणि तांब्याचे थर रुजतात. वर पुन्हा निकेल आणि शेवटी एका मायक्रॉनहूनही पातळ क्रोम चढते. एकदा हे थर सुटले की खालची पकडच गेलेली असते. सुटलेल्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, तेव्हा त्या नखाने सोलू नयेत, पट्टीच बदलावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समोरच्या काचेच्या बाजूचा खांब, स्टिअरिंगचा मध्यभाग, ‘एसआरएस एअरबॅग’ असे कोरलेले कोणतेही आच्छादन, या जागा शोभेच्या नाहीत. अपघाताच्या क्षणी एअरबॅग सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगते आणि वरचे आवरण ठरलेल्या रेषेवरच फाटावे लागते. खांबावरच्या आवरणाच्या क्लिपा अनेक गाड्यांत एकदाच वापरायच्या असतात. काढल्या की नव्याच लावायच्या. एअरबॅगच्या आवरणावर चिकटवलेली शोभेची वस्तू तर गोळीसारखी सुटू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०२३ मध्ये स्टिअरिंगवर लावायच्या खड्यांच्या चिन्हांबाबत असाच इशारा दिला होता. एअरबॅग उघडताना ते चिन्ह लागून एका चालकाचा डोळा गेला होता.

म्हणून डॅशबोर्डची, व्हेंटची, गिअरजवळची पट्टी हौसेने आणि धीराने स्वतः जरूर बदला. पण आतमध्ये पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली किंवा आवरणावर एअरबॅगची खूण असली, तर हात मागे घ्या आणि ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरकडेच सोपवा.