अमेरिकेचा बारावा गडी

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गात दर जूनमध्ये मॉनिटर निवडतात. ज्याला सर्वांत जास्त मतं तो मॉनिटर, दुसऱ्या नंबरचा उपमॉनिटर. यंदाचा उपमॉनिटर दिवसभर गाल फुगवून बसला होता. मधल्या सुट्टीत मला म्हणाला, "बाई, उपमॉनिटरला कामच काय असतं? मॉनिटर आजारी पडायची वाट बघायची!"

मला हसू आलं. कारण अगदी हीच तक्रार अमेरिकेच्या पहिल्या उपाध्यक्षांनी केली होती. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले आणि जॉन अ‍ॅडम्स उपाध्यक्ष. पुढे अ‍ॅडम्सनी आपल्या पत्नीला पत्रातून कळवलं, की माणसाने आजवर शोधून काढलेल्या पदांत माझं पद सर्वांत बिनमहत्त्वाचं आहे! खरंच, काम होतं तरी काय? सिनेट या सभागृहात अध्यक्षस्थानी बसायचं, आणि दोन्ही बाजूंना सारखी मतं पडली तरच आपलं मत द्यायचं. (आपले उपराष्ट्रपतीही राज्यसभेचे सभापती असतात, हे तुम्ही नागरिकशास्त्रात वाचलं असेल किंवा वाचाल.)

गंमत म्हणजे, तिथे सुरुवातीला आमच्या वर्गासारखाच नियम होता. दुसऱ्या नंबरची मतं मिळवणारा उपाध्यक्ष! त्यामुळे १७९६ सालच्या निवडणुकीतून अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे विरोधक जेफरसन उपाध्यक्ष. एका बैलगाडीला दोन दिशांना ओढणारे बैल! १८०० साली तर कहरच झाला. जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे अ‍ॅरन बर यांना सारखीच म्हणजे ७३-७३ मतं पडली. मग प्रतिनिधिगृहात मतदान घेतलं. एकदा नव्हे, तब्बल ३६ वेळा! तेव्हा कुठे जेफरसन निवडून आले. शेवटी १८०४ साली घटनेत दुरुस्ती करून दोन्ही पदांसाठी वेगवेगळी मतं घ्यायचं ठरलं.

आता प्रश्न असा, की अध्यक्षांचा मृत्यू झाला तर? ४ मार्च १८४१ रोजी विल्यम हेन्री हॅरिसन यांनी शपथ घेतली आणि बरोबर एका महिन्याने, ४ एप्रिलला ते वारले. उपाध्यक्ष होते जॉन टायलर. आता यांनी अध्यक्ष व्हायचं, की नुसता कारभार बघायचा? घटनेत स्पष्ट लिहिलेलंच नव्हतं. टायलरनी सरळ शपथ घेतली. "हंगामी अध्यक्ष" असं लिहिलेली पत्रं आली की ते न उघडता परत पाठवत. असे खमके होते, म्हणूनच पुढच्यांना वाट मिळाली.

माझा आवडता प्रसंग मात्र कॅल्विन कूलिज यांचा. १९२३ च्या ऑगस्टमध्ये ते सुट्टीवर व्हरमाँट राज्यातल्या आपल्या गावी होते. घरात ना वीज, ना टेलिफोन. मध्यरात्रीनंतर निरोप आला, की अध्यक्ष हार्डिंग वारले. शपथ देणार कोण? कूलिज यांचे वडील नोटरी होते. रात्री पावणेतीनच्या सुमारास, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात बापाने मुलाला शपथ दिली.

हॅरी ट्रुमन यांची गोष्ट मात्र गंभीर आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं. ट्रुमनना उपाध्यक्ष होऊन अवघे ८२ दिवस झाले होते. १२ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी त्यांना व्हाइट हाउसमध्ये तातडीने बोलावलं. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की अध्यक्ष गेले. ट्रुमन म्हणाले, मी तुमच्यासाठी काय करू शकतो? त्यावर त्या बाई म्हणाल्या, आम्ही तुमच्यासाठी काय करू ते सांगा, कारण आता संकटात तुम्हीच आहात. आणि ते खरंच होतं! अमेरिका अणुबाँब बनवत होती आणि त्याची नीट माहितीसुद्धा उपाध्यक्षांना कुणी दिलेली नव्हती. शपथेनंतर जवळपास दोन आठवड्यांनी, २५ एप्रिलला त्यांना सगळं सविस्तर सांगितलं गेलं. ६ ऑगस्टला हिरोशिमावर बाँब पडला. एवढ्या मोठ्या निर्णयाचा विचार करायला या माणसाला किती थोडे दिवस मिळाले, बघा.

अध्यक्ष जिवंत आहेत पण अंथरुणाला खिळलेत, असंही झालं. १९१९ साली विल्सन यांना पक्षाघात झाला, तेव्हा त्यांच्याकडे कोणते कागद न्यायचे हे त्यांच्या पत्नी ठरवत आणि उपाध्यक्ष मार्शल बाहेरच राहिले. १९६३ साली केनेडींची हत्या झाल्यावर जॉन्सन यांनी विमानातच शपथ घेतली, पण त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ देशाला उपाध्यक्षच नव्हता. मग १९६७ साली घटनेत पंचविसावी दुरुस्ती आली. रिकामी जागा कशी भरायची, अध्यक्ष आजारी असतील तर कारभार कुणी बघायचा, हे सारं तिच्यात लिहिलं. तिच्यामुळेच जेराल्ड फोर्ड १९७३ साली उपाध्यक्ष आणि १९७४ साली निक्सन यांनी राजीनामा दिल्यावर अध्यक्ष झाले. दोन्ही पदांसाठी निवडणूक न लढवता!

याच दुरुस्तीने १९ नोव्हेंबर २०२१ रोजी आणखी एक गोष्ट घडली. अध्यक्ष बायडेन यांना तपासणीसाठी भूल द्यायची होती. तेवढ्या वेळापुरते अधिकार त्यांनी उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे दिले. कमलाताईंच्या आई मूळच्या आपल्या चेन्नईच्या, बरं का! अध्यक्षांचे अधिकार एका बाईंच्या हाती येण्याची अमेरिकेतली ती पहिलीच वेळ. किती वेळ? ८५ मिनिटं. म्हणजे आमच्या शाळेचे पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन तास आणि पंधरा मिनिटांची छोटी सुट्टी.

हे मी वर्गात सांगितलं, तेव्हा आमच्या उपमॉनिटरने पहिला प्रश्न विचारला, "बाई, मॉनिटर परवा गैरहजर आहे ना?"