वाकळ, भंगार आणि 'टाकाऊतून टिकाऊ'

पदवीच्या वर्गांना पर्यावरण हा विषय सक्तीचा असतो. त्या निमित्ताने गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात 'टाकाऊतून टिकाऊ' अशी स्पर्धा झाली आणि परीक्षक म्हणून मला बसवले गेले. बाटल्यांच्या कुंड्या होत्या, पुड्यांच्या कागदाचे तोरण होते, जुन्या सीडींचे घड्याळ होते. हे सारे सजवायला मुलांनी बाजारातून रंग, चमकी, डिंक आणि थर्माकोल विकत आणला होता. एका मुलीने काहीच आणले नव्हते. विचारले तर म्हणाली, "सर, आमच्या घरात सगळंच तसलं आहे. त्यातलं काय आणायचं?" मुले हसली. मीही हसलो. त्या हसण्याची लाज वाटायला मला राजूरला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. माझेही घर तसेच होते.

आमच्या घरात वाकळ होती. आई फाटके लुगडे, बापाचे धोतर, माझा शाळेचा सदरा, कुणीतरी दिलेले जुने कापड यांचे थर एकावर एक लावी आणि जाड सुईने एकेरी टाके घालीत कडेकडून आत येई. तुकडा कुठे ठेवायचा हे ती फार विचार करून ठरवी. विटका रंग मधे, गडद रंग कडेला. चुकले तर उसवून पुन्हा घाली. त्या वाकळीत कोणता तुकडा कुणाचा हे आम्हा भावंडांना पाठ होते. मेलेल्या आजीचे लुगडे पायथ्याशी येऊ नये, एवढी काळजी आई घेई. आज शहरातल्या प्रदर्शनांत अशाच गोधड्या मोठ्या किंमतीला विकल्या जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात दुकानातली रजई आणली आणि वाकळ माळ्यावर टाकली, हे येथे कबूल केले पाहिजे. मला ती कला वाटली नव्हती. मला ती आमची गरिबी वाटली होती.

असे का वाटले याचे उत्तर माझ्या एकट्याच्या मनात नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडून पाहावा. चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे, मेलेल्यांची वस्त्रे ल्यावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, दागिने घालायचे तर लोखंडाचे घालावेत, अशी तेथे आज्ञा आहे. आजच्या भाषेत हा पुनर्वापराचा कायदाच म्हणायचा! तो काहींवर लादलेला, आणि बाकीच्यांना नवे वापरून टाकून देण्याची मुभा. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा त्या आगीत हाही कायदा होता.

जुन्या खेड्यात कचराच नव्हता, सारे काही पुन्हा उपयोगात येई, असे पर्यावरणावर लिहिणारे काही लेखक मोठ्या ओढीने सांगतात. ते खरेही आहे. मेलेले ढोर महारांनी ओढायचे, कातडे ढोरांनी कमवायचे, चांभारांनी त्याची मोट आणि वहाणा शिवायच्या, मांगांनी दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या. गावाची विहीर त्या मोटेने उपसली जाई आणि मोट शिवणाऱ्याला त्याच विहिरीवर पाय ठेवता येत नसे. मार्च 1927 च्या महाडच्या परिषदेत मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचा निर्धार झाला. आमच्या वस्तीत तो पोचायला धर्मांतरानंतरची वर्षे उजाडली. माझ्या आज्याने ढोर ओढायचे सोडले तेव्हा गावाने त्याचे बलुते बंद केले. ढोर बांधावर कुजत पडले, वास गावात आला. तेव्हा कुठे गावाला कळले की आपली स्वच्छता कुणाच्या खांद्यावर होती. म्हणून 'मागे चला, जुनी जीवनपद्धती पर्यावरणाला पोषक होती' असे कुणी म्हणाले की मी सावध होतो. कुणाच्या आज्याची जीवनपद्धती, हे आधी विचारतो.

मग आपल्या परंपरेत या प्रश्नाला दुसरे उत्तर आहे काय? आहे, आणि ते विनयपिटकात आहे. पूर्वीचे भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचून त्यांचे चीवर शिवीत. त्याला पांसुकूल म्हणत. चीवर शिवण्याची रीत आनंदाने मगधातल्या बांधबंदिस्त शेतांकडे पाहून बसवली, असे महावग्गात येते. तुकड्या-तुकड्यांच्या त्या वस्त्रात मला वाकळ दिसते. चुल्लवग्गात आणखी एक गोष्ट आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला संशय आला, इतक्या कापडाचे हा श्रमण काय करणार, दुकान मांडणार की काय? तो आनंदाला एकेक प्रश्न विचारत जातो. नवी वस्त्रे ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्खूंना. त्यांच्या जुन्या चीवरांचे अंथरुणावरचे पांघरूण. जुन्या पांघरुणाची गादीची खोळ. जुन्या खोळीचे जमिनीवरचे बसकर. त्याचे पुढे पायपुसणे, पायपुसण्याचे धूळ झटकण्याचे फडके, आणि फडकेही विरले की त्याचे तुकडे कुटून, चिखलात कालवून त्याचा गिलावा. राजा प्रसन्न होतो आणि आणखी पाचशे वस्त्रे देतो.

मात्र याहून महत्त्वाची गोष्ट देवदत्ताची आहे. सर्व भिक्खूंनी जन्मभर चिंध्यांचेच चीवर वापरावे, अशी सक्ती करा, ही त्याच्या पाच मागण्यांपैकी एक होती. बुद्धाने ती नाकारली. ज्याला हवे त्याने चिंध्या वापराव्यात, ज्याला हवे त्याने गृहस्थांनी दिलेले वस्त्र घ्यावे. मनूची चिंधी आणि बुद्धाची चिंधी एकाच उकिरड्यावरची. एक अंगावर लादलेली, दुसरी निवडलेली. माझ्या विद्यार्थिनीला चिंधी निवडता येत नव्हती, आणि आम्ही तिला निवडणाऱ्यांच्या स्पर्धेत उभे केले होते.

आता भंगाराकडे येऊ. राजूरच्या गल्लीत गोणी घेऊन फिरणारी बाई जो पत्रा, जी गंजकी कढई उचलते, ती दोन-तीन हातांतून जालन्याला जाते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतले पोलादाचे कारखाने भंगार वितळवून सळई काढतात. तीच सळई पुन्हा आपल्या गावच्या स्लॅबमध्ये येऊन पडते. या साखळीत ज्याच्या हाती वजनकाटा तो तरतो. जी वाकते, वेचते, तिच्या वाट्याला सर्वांत कमी येते.

पुण्यात ही गोष्ट थोडी बदलली. 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासद बहुतेक दलित स्त्रिया, आणि त्यांतल्या कितीतरी 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून पोटासाठी गेलेल्या. म्हणजे आपल्याच मावश्या-आत्या. त्यांनी नाव मागितले नाही, आधी ओळखपत्र मागितले आणि महापालिकेकडून ते मिळवले. पोलिसाने चोर म्हणून हटकले तर दाखवायला कागद झाला. 2008 साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. दारोदार कचरा घेण्याचे शुल्क घराकडून आणि विकाऊ मालावरचा हक्क वेचणारीचा, असा त्याचा गाभा. उकिरडा तोच, काम तेच, पण कामाला अटी आल्या. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांची दखल घेतली गेली, ती अशा लढ्यांमुळे.

कलेपुरते एक उदाहरण देतो. 2015 साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आल्यावर चामड्याच्या कारागिरांचे हाल झाले. सुधीर राजभर या कलावंताने मुंबईत त्यांच्यासोबत टाकाऊ रबरापासून पिशव्या करायला घेतल्या आणि उपक्रमाचे नाव 'चमार स्टुडिओ' ठेवले. शिवी म्हणून फेकला जाणारा शब्दही त्यांनी उचलून वापरात आणला. हा शब्द असा बाजारात न्यावा का, यावर आपल्यात वाद होऊ शकतो आणि तो व्हावा.

स्वतःबद्दल सांगायचे तर पर्यावरणाचा तास घेणारा मी, घरचा कचरा एकाच पिशवीत भरून टाकत होतो. आमच्या राजूरला अंगारकी चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला रात्रभर माणसे चालत येतात. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर बाटल्या, द्रोण, चहाचे कागदी पेले, नारळाच्या शेंड्या, सुटलेल्या चपला यांचा खच असतो. मागच्या अंगारकीनंतर एक मावशी वेचत होत्या. एका बोटाला फडके गुंडाळलेले होते. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "बाटल्या कुठंबी पडू द्या सर, आमी येचू. काच तेवढी पिशवीत नका टाकू. हात घातला की कापतो."

त्या दिवशी माळ्यावरची वाकळ काढली, उन्हात टाकली. घरात फुटलेल्या काचा कागदात गुंडाळून, वर 'काच' असे लिहून वेगळ्या ठेवू लागलो. पुढच्या वेळी मावशींनी पुडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारले, "ह्यात काय हाय?" त्यांना वाचता येत नाही, हे माझ्या शिक्षकी डोक्यात आले नव्हते. आता पुडीला मी लाल चिंधी बांधतो.