पेराल तसे उगवेल: म्हण आपली, दाखला बायबलचा

म्हणींचा नाद असलेल्या मंडळींसाठी खास माहिती!

१८९९ साली ऑक्सफर्डमधून ‘मराठी प्रॉव्हर्ब्स’ हा संग्रह निघाला. संकलक होते चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड मॅनवेअरिंग. याच सोसायटीच्या सॅम्युअल अजायी क्राउथर यांनी त्याआधीच पश्चिम आफ्रिकेत योरुबा शब्दकोश करताना तिथल्या म्हणी टिपल्या होत्या.

आता आपली ‘पेराल तसे उगवेल’ घ्या. संत पौलाने गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात हाच दाखला दिलाय.

तो समजायला मुळशीचं भातखाचर पुरे. उन्हाळ्यात शेण आणि पालापाचोळा पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर बी टाकायचं, तीन-चार आठवड्यांनी रोपं उपटून चिखलात लावणी करायची. बी आंबेमोहोराचं असेल तरच घरभर घमघमाट!

यातून ख्रिस्ती शिकवण तीन:

🌾 देवाच्या डोळ्यांत धूळ फेकता येत नाही. मनात पेरलेला मत्सर कधीतरी वर येतोच.

🌾 हात आखडून पेराल, तर पीकही बेताचंच. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (अध्याय ९) पौल हे दानाबद्दल सांगतो.

🌾 चांगलं करताना कंटाळू नका. पीक हंगामातच हाती येतं.

म्हण नुसती बजावते, पौल धीरही देतो. मला तरी हा तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो.

तुमच्या गावाकडे पेरणीवरची कोणती म्हण आहे? कॉमेंटमध्ये नक्की लिहा!

#मराठीम्हणी #मुळशी #बायबल