पाठीवरची शिदोरी

गड चढायला निघताना शिदोरीत भाताचा डबा घेतलात, तर तुम्ही बरेचसे पाणीच वाहून नेता! शिजलेल्या भाताच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असते, आणि पाण्यापासून ऊर्जा मिळत नाही.

थोडे गणित करू. १०० ग्रॅम भातापासून सुमारे १३० किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तेवढ्याच कोरड्या पोह्यांपासून ३५०, तर शेंगदाण्यांपासून ५७०. शेंगदाणे पुढे का? त्यांत तेल आहे. १ ग्रॅम पिष्टमय पदार्थ ४ किलोकॅलरी देतो, १ ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९. म्हणून ७०० किलोकॅलरींसाठी भात अर्ध्या किलोहून अधिक लागेल. पोहे २०० ग्रॅम पुरतील.

आता शिजवण्याचे पाहू. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच. तेथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी सुमारे ९५ अंश सेल्सिअसलाच उकळते. डाळ शिजायला वेळ आणि इंधन दोन्ही जास्त लागतात. मेतकुटातील डाळी मात्र घरीच भाजून दळलेल्या असतात. भिजवलेल्या पोह्यांत मेतकूट कालवले की जेवण तयार. चूल पेटवायलाच नको! शिवाय कोरड्या अन्नात जंतू सहज वाढत नाहीत. भात उन्हात लवकर आंबतो.

पण पोहे भिजवायला पाणी हवेच. उन्हाळ्यात गडावरची टाकी आटलेली असली, तर तेही पाठीवरून न्यावे लागेल, आणि १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन! वजन वाचवण्यासाठी पिण्याचे पाणी मात्र कधीही कमी करू नका. तेव्हा पायथ्याच्या गावात आधी पाण्याची चौकशी करा, मगच पाठीवर ओझे घ्या.