रोजचं शरीर (भाग ६) : चारनंतर पाणी नको गं!

मागच्या आठवड्यात पाळीचे दिवस झाले. आता महिन्यातले उरलेले दिवस, ज्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही.

बेंगळुरूच्या उत्तरेला आउटर रिंग रोड विमानतळाकडे जाणाऱ्या बळ्ळारी रोडला जिथे मिळतो, तिथे हेब्बाळचा उड्डाणपूल आहे. संध्याकाळी पुलाच्या तोंडाशी बस अडकली की घरी कधी पोचणार, हे ड्रायव्हरही सांगत नाही. मान्यता टेक पार्कातून सुटणाऱ्या मराठी मैत्रिणींचा यावरचा तोडगा ठरलेला: ‘चारनंतर मी पाणीच पीत नाही गं, वाटेत कुठे जाणार?’

तोडगा सोयीचा, पण महागात पडणारा. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची; पुरुषाची साधारण २० सेंटिमीटरची. गुदद्वाराजवळच्या ई. कोलाय जंतूंना मूत्राशय गाठायला आपल्याकडे फार चालावं लागत नाही. वाटेत शिरलेल्या जंतूंना बाहेर लोटण्याचं काम लघवीची धार करते. पाणीच प्यायलं नाही, वर तासन्‌तास धरून ठेवलं, की त्यांचं फावतं. मग उन्हाळी लागते: थेंब थेंब, जळजळ, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं. आजी धने-जिऱ्याचं पाणी द्यायची. त्यात धन्यापेक्षा पाण्याचा गुण मोठा. मात्र थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठ दुखायला लागली किंवा बाई गरोदर असेल, तर घरगुती उपाय नकोत, त्याच दिवशी डॉक्टर.

दोष पाण्याचा नाही, मुतारीचा आहे. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली ती याच मुद्द्यावर. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांनी त्याच कामाला पैसे मोजायचे, हे कसं, असं तिथल्या कार्यकर्त्यांनी पालिकेला विचारलं. वाटेत मुताऱ्या होईपर्यंत हेब्बाळकरणींनी एवढं करावं: पाणी दिवसभर थोडं थोडं प्यावं आणि ऑफिसातून निघताना, लागली असो वा नसो, जाऊन यावं.

आता त्या सुगंधी बाटलीकडे येऊ. ‘इंटिमेट वॉश’ म्हणून दुकानात मिळते, तिच्यावर गुलाबी फूल असतं आणि खाली पीएचचा आकडा. योनीच्या आतला पीएच मुळातच ३.८ ते ४.५ असतो. दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद असलेले लॅक्टोबॅसिलस तिथे लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि नको त्या जंतूंना थारा देत नाहीत. ही व्यवस्था फुकट चालते. आत पाण्याचा फवारा मारला, साबण (पीएच ९-१०) नेला की ती बिघडते. बाहेरची बाजू साध्या पाण्याने धुवावी, हात पुढून मागे न्यावा, टिपून कोरडं करावं. बाटली न घेतल्याने काही बिघडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडं पांढरं जाणं हे आजारपण नव्हे. महिन्याभरात ते कधी पातळ, कधी चिकट होतं. चोथ्यासारखं घट्ट आणि सोबत खाज असेल, तर बुरशीचा संशय. करडट, माशासारखा वास असेल, तर जंतूंचा तोल ढळलाय. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून मैत्रिणीची उरलेली गोळी घेऊ नये.

सकाळी तलावाकाठी धावणाऱ्यांची गोष्ट निराळी. घामाने चिंब झालेल्या लेगिंग्जमध्येच ‘दर्शिनी’ उपाहारगृहात उभं राहून कॉफी, गप्पा, मग घर. ओल आणि ऊब मिळाली की जांघेत गजकर्णाची बुरशी धरते. आत सुती निकर, धावून आल्यावर लगेच कपडे बदलणं, घासणाऱ्या जागी थोडं व्हॅसलिन, एवढं बहुतेकींना पुरतं.

चट्टा उठलाच तर मेडिकलवाला एक ट्यूब काढून देतो. मागची बारीक अक्षरं वाचा. ‘क्लोबेटासोल’ किंवा ‘बीटामेथासोन’ दिसलं तर ते स्टेरॉइड आहे: खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि तिथली नाजूक त्वचा पातळ होते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली नियम कडक केले. तरी मागितलं की मिळतं. त्वचारोगतज्ज्ञाला जागा दाखवायची लाज वाटत असेल, तर बाई डॉक्टर शोधा, पण दाखवा.

पुढच्या आठवड्यात : धावताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात, त्याविषयी.