गुलाबी भाग मेलेलाच असतो का?

वडिलांना स्ट्रोक आल्यावर काढलेल्या सीटी परफ्यूजनमध्ये मेंदूचा एक भाग गुलाबी आणि त्याभोवतीचा हिरवा दिसत होता. गुलाबी म्हणजे कायमचा गेलेला ना, असं एका वाचकानं विचारलं आहे. बऱ्याचदा, हो. नेहमी मात्र नाही.

या तपासणीत हाताच्या शिरेतून डाय सोडतात आणि तो मेंदूतून वाहत असताना मिनिटभर स्कॅन घेत राहतात. डाय कुठे किती आणि किती उशिरा पोचला, यावरून संगणक रक्तप्रवाहाचा नकाशा काढतो. प्रवाह निरोगी भागाच्या ३० टक्क्यांहून कमी, तर तो भाग गेला असं धरून गुलाबी दाखवायचा. डाय पोचायला साधारण ६ सेकंदांहून जास्त उशीर, तर तो धोक्यात म्हणून हिरवा, हा रूढ नियम.

पाटाचं आवर्तन चुकलं की पीक आधी माना टाकतं. मुळं जिवंत असतात, शेजारच्या विहिरीचं थोडं पाणी मिळालं तर तगही धरतं. मेंदूचं असंच. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते २०च्या खाली गेलं की पेशी गप्प होतात, १०च्या आसपास त्यांचे आयनपंप बंद पडतात. १९७७ साली आस्ट्रुप, सायमन आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांवर हे दाखवलं. गप्प झालेल्या पण जिवंत भागाला पुढे १९८१मध्ये ग्रहणातल्या उपछायेचं नाव मिळालं.

नाव गाजलं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये जोन्स आणि सहकाऱ्यांनी जाग्या माकडांवर केलेले प्रयोग मात्र तज्ज्ञांपुरतेच राहिले, आणि माझ्या मते खरी मेख तिथंच आहे. दोन-तीन तासांत पेशी मरायच्या तर प्रवाह १०-१२च्या खाली जावा लागत होता. रक्तवाहिनीतला अडथळा कायम राहिला तर १७-१८लाही त्या मरत होत्या. म्हणजे मरणाचा उंबरठा एक नाही, तो वेळेबरोबर वर सरकतो.

परफ्यूजनचा नकाशा असतो त्या एका मिनिटाचा. ३० टक्क्यांच्या नियमाला घड्याळ कळत नाही. रुग्ण लवकर पोचला आणि मेंदूची शीर अडवणारी गुठळी झटपट निघाली, तर गुलाबी भागातलं बरंच काही वाचतं. २०१७ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी त्याला ‘घोस्ट कोअर’ म्हटलं. उलट गुठळी उशिरा आपोआप विरघळली असेल, तर मेलेल्या भागातही प्रवाह छान दिसू शकतो.

म्हणून तपासणी कुचकामी ठरत नाही. २०१८च्या ‘डिफ्यूज ३’ चाचणीत याच नकाशांवरून रुग्ण निवडून ६ ते १६ तासांनी गुठळी काढली, तेव्हा ४५ टक्के रुग्ण स्वावलंबी झाले. नुसत्या औषधांवर १७ टक्के. पण ‘सॉफ्टवेअर नुकसान अचूक सांगतं’ या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. २०२२-२३मध्ये जपान, चीन, अमेरिकेतल्या चाचण्यांत तर मोठा भाग गेलेला दिसणाऱ्या रुग्णांनाही गुठळी काढल्याचा फायदा झाला.

तेव्हा वाचकमित्रानं डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: त्रास सुरू झाल्यावर किती वेळानं स्कॅन झाला, शीर पुन्हा उघडली का, आणि नंतरच्या एमआरआयमध्ये प्रत्यक्ष किती भाग गेलेला दिसतो?